डिझेल की पेट्रोल? भरवशाची मोटार निवडताना

अकलूज : उसाचे बिल खात्यावर जमा झाले, की माळशिरस तालुक्यातील अनेक घरांत नव्या मोटारीचा विषय निघतो. रंग, आसने आणि कर्जाचा हप्ता यांवर एकमत होण्यास वेळ लागत नाही. गाडी अडते ती 'डिझेल की पेट्रोल' या प्रश्नावर. वडीलधाऱ्यांचा कौल बहुधा डिझेलला असतो. पुण्यात नोकरी करणारा मुलगा पेट्रोलचा आग्रह धरतो. दोघांकडेही आपापल्या अनुभवाचे दाखले असतात आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात.

हा वाद मायलेजपुरता मर्यादित नाही. नीरा नदीकाठच्या अकलूजला रेल्वे नाही. पुणे दीडशे किलोमीटरहून अधिक, तर जिल्ह्याचे ठिकाण असलेले सोलापूर शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. रात्री-अपरात्री रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवायचे असो वा पहाटे पुण्याचे विमान गाठायचे असो, घरची मोटार हाच आधार असतो. अशा वेळी ती सुरू झाली पाहिजे आणि वाटेत थांबता कामा नये. दहा-बारा लाख रुपयांचा हा निर्णय पुढे दहा-पंधरा वर्षे निभावायचा असतो. त्यामुळे लिटरमागे किती किलोमीटर याआधी 'कोणती मोटार अधिक भरवशाची' हा प्रश्न विचारणे शहाणपणाचे ठरते.

त्याचे उत्तर गेल्या काही वर्षांत पालटले आहे. मोटार रोज किती अंतर, कोणत्या रस्त्याने आणि किती वेगाने धावणार, यावर आज इंजिनाचा भरवसा अवलंबून आहे.

डिझेलवरील विश्वासाचे मूळ

ग्रामीण महाराष्ट्राची डिझेल इंजिनाशी ओळख घरच्या मोटारीच्या कितीतरी आधीची आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये पुण्यात स्थापन झाली. हँडल मारून सुरू होणारे, विहिरीवर तासन्‌तास चालणारे इंजिन शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले. त्यामागून ट्रॅक्टर आला, मालमोटार आली आणि गावोगावी वडाप करणाऱ्या जीपगाड्या आल्या. १९९४ मध्ये टाटा सुमो, १९९८ च्या अखेरीस टाटा इंडिका आणि २००० मध्ये महिंद्रा बोलेरो बाजारात आल्यावर डिझेल थेट घराच्या अंगणात पोहोचले.

या इंजिनांच्या टिकाऊपणाला शास्त्रीय कारण होते. पेट्रोल इंजिनात इंधन आणि हवेचे मिश्रण स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटते. डिझेल इंजिनात प्लग नसतो. तेथे हवा इतकी दाबली जाते, की तिच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. साधारण पेट्रोल इंजिनात हवेचे आकारमान दहा-अकरा पटींनी कमी होते, तर जुन्या डिझेल इंजिनांत ते वीस पटींच्या आसपास कमी होत असे. हा दाब सोसण्यासाठी इंजिनाचा ठोकळा, क्रँकशाफ्ट आणि पिस्टन भक्कम करावे लागत. शिवाय हे इंजिन मिनिटाला कमी फेऱ्यांत काम करी, त्यामुळे झीजही कमी होई.

दुसरे कारण साधेपणाचे. जुन्या डिझेल इंजिनातील इंधनपंप यांत्रिक होता आणि त्यात इलेक्ट्रॉनिक्स जवळपास नव्हते. फिल्टर तुंबला तर बदलावा, लाइनने हवा धरली तर ती काढावी आणि पुढे निघावे, इतके ते सोपे होते. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा गावातील कारागीर जीपही दुरुस्त करू शकत असे. 'डिझेलची गाडी कधी मरत नाही' हा समज या अनुभवातून आला आणि त्या काळातील इंजिनांपुरता तो खराही होता.

त्याला स्वस्ताईची जोड मिळाली. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपयांवर गेले, तेव्हा डिझेल ४१ रुपयांच्या आसपास होते. पेट्रोलचे दर सरकारने जून २०१० मध्ये नियंत्रणमुक्त केले होते. डिझेलवर मात्र अनुदान सुरू होते. त्या सुमारास देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी वाहनांपैकी निम्म्याहून अधिक डिझेलची होती. जानेवारी २०१३ पासून डिझेलचे दर थोडेथोडे वाढू लागले आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही नियंत्रणमुक्त झाले. दरातील दरी बुजत गेली, तसा डिझेल मोटारींचा वाटा घसरत गेला.

काजळीची चाळणी

खरा बदल १ एप्रिल २०२० रोजी झाला. त्या दिवसापासून देशभर भारत स्टेज-६ ही प्रदूषणमानके लागू झाली. डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आले. डिझेल मोटारीतून बाहेर पडणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादाही स्टेज-४ मध्ये किलोमीटरला २५० मिलिग्रॅम होती, ती ८० मिलिग्रॅमवर आणण्यात आली. लहान डिझेल इंजिनांना ही मानके पाळणे परवडेना. मारुती सुझुकीने त्या वेळी डिझेल मोटारी बनविणे थांबविले. अनेक कंपन्यांच्या मोटारींत वापरले गेलेले फियाटचे १.३ लिटरचे इंजिनही इतिहासजमा झाले. आज डिझेल प्रामुख्याने एसयूव्ही आणि मोठ्या मोटारींत उरले आहे.

या मोटारींच्या धुराड्यात डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर, अर्थात 'डीपीएफ' असतो. धुरातील काजळी अडविणारी ही एक बारीक चाळणी आहे. ती भरत आली, की मोटार स्वतःच तिचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन काजळी जाळून टाकते. हे काम पूर्ण होण्यास मोटार पंधरा-वीस मिनिटे सलग, बऱ्यापैकी वेगाने धावावी लागते.

अकलूजच्या रहिवाशाने विचार करण्याजोगा मुद्दा हाच आहे. सकाळी मुलांची शाळा, दुपारी बाजार, संध्याकाळी माळीनगर किंवा यशवंतनगरची फेरी, असा दिनक्रम असेल तर इंजिन पुरते तापण्याआधीच बंद केले जाते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे मोटार रांगत राहते. आषाढी वारीत पालखी मुक्कामी आली, की रस्तेच माणसांनी भरून जातात. अशा वापरात चाळणी भरत राहते आणि काजळी जाळण्याची क्रिया अर्धवट तुटते. डॅशबोर्डवर दिवा लागतो. त्याकडे दुर्लक्ष झाले, तर इंजिन स्वतःची ताकद कमी करून घेते आणि अखेरीस मोटार सेवा केंद्रात न्यावी लागते. चाळणी बदलण्याची वेळ आली, तर खर्च मोठा असतो.

याला जोडून आणखी एक दुखणे येते. चाळणी तापविण्यासाठी अनेक इंजिनांत थोडे जादा डिझेल सोडले जाते. क्रिया वारंवार अर्धवट राहिली, तर त्यातील काही भाग इंजिन ऑइलमध्ये उतरतो. ऑइल पातळ होते आणि त्याची पातळी वाढलेली दिसते. डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर चढलेले आढळले, तर ते शुभलक्षण समजू नये.

हीच मोटार आठवड्यातून दोनदा पुण्याला किंवा सोलापूरला जात असेल, तर चित्र पालटते. टेंभुर्णीला पुणे-सोलापूर महामार्ग धरला, की चाळणी आपोआप स्वच्छ होते. एकच इंजिन एका घरी कटकटीचे आणि शेजारच्या घरी बिनतक्रार ठरते, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

काही डिझेल मोटारींत 'डीईएफ' नावाचा द्रवही भरावा लागतो. यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि उरलेले शुद्ध केलेले पाणी असते. शेतीचा युरिया पाण्यात कालवून हा द्रव घरी बनविण्याचा मोह टाळावा. शेतीच्या युरियावर निंबोळी तेलाचा थर असतो, त्यात अन्य अशुद्धीही असते आणि त्याने संपूर्ण यंत्रणा निकामी होऊ शकते.

पेट्रोलची जमेची बाजू

टर्बोचार्जर नसलेले साधे पेट्रोल इंजिन आज सर्वांत कमी गुंतागुंतीचे मानावे लागेल. आधुनिक डिझेल इंजिनातील कॉमन रेल यंत्रणा इंधन १८०० बार किंवा त्याहूनही अधिक दाबाने सोडते. हा दाब मोटारीच्या टायरमधील हवेच्या सुमारे आठशेपट आहे. त्यामुळे इंजेक्टरमध्ये धूळ वा पाण्याचा अंश गेला, तरी नुकसान होते. साध्या पेट्रोल इंजिनात इंधनाचा दाब त्या मानाने नगण्य असतो. तेथे बिघडू शकणाऱ्या वस्तू म्हणजे स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल, इंधनपंप आणि सेन्सर. त्या बहुतेक गॅरेजमध्ये बदलता येतात. जवळच्या फेऱ्यांनी पेट्रोल इंजिनाचेही आयुष्य घटते. पण ते मोटारमालकाला भर रस्त्यात सहसा अडवत नाही.

मात्र सर्व पेट्रोल मोटारी एका मापाने मोजू नयेत. लहान आकाराची, टर्बोचार्जर आणि थेट इंधनफवारणी असलेली नवी पेट्रोल इंजिने डिझेलच्या गुंतागुंतीजवळ पोहोचली आहेत. त्यांनाही उच्च दाबाचा पंप लागतो, ऑइलचा दर्जा सांभाळावा लागतो आणि व्हॉल्व्हवर कार्बन साठण्याची तक्रार उद्भवते. शोरूममध्ये केवळ 'पेट्रोल आहे का' एवढे विचारून भागत नाही. टर्बो आहे की नाही, हेही विचारावे.

उसाचे पेट्रोल

ज्या उसाच्या बिलातून मोटार येते, तोच ऊस आता तिच्या टाकीतही उतरला आहे. साखर कारखान्यांच्या आसवनींत मळी आणि उसाच्या रसापासून तयार होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते. २० टक्के इथेनॉल असलेल्या 'ई-२०' पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ मध्ये देशाने २० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला. ऊसपट्ट्याच्या अर्थकारणाला याचा लाभ होतो. मोटारमालकाने मात्र त्याची दुसरी बाजूही समजून घ्यावी.

इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात ई-२० मुळे मायलेज किती घटेल, याचे अंदाज दिले होते. ई-१० साठी बनविलेल्या आणि ई-२० साठी जुळविलेल्या मोटारींत ही घट एक ते दोन टक्के, तर मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनविलेल्या आणि ई-१० साठी जुळविलेल्या मोटारींत सहा ते सात टक्के सांगितली होती. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. त्यामुळे पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या मोटारीच्या टाकीत पाणी तळाशी बसण्याचा धोका असतो. जुन्या मोटारींतील काही रबरी नळ्या आणि वॉशर यांनाही इथेनॉल मानवत नाही.

एप्रिल २०२३ नंतर तयार झालेल्या मोटारींतील भाग ई-२० ला अनुकूल असल्याने नवी मोटार घेणाऱ्याने याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. त्याआधीची पेट्रोल मोटार वापरणाऱ्याने किंवा जुनी घेणाऱ्याने मात्र मालक-पुस्तिका आणि टाकीच्या झाकणाजवळची सूचना पाहावी. इंधनाच्या रबरी नळ्यांची तपासणी दर सर्व्हिसिंगला करून घेतलेली बरी.

आकड्यांचा हिशेब

भरवशासाठी किती किंमत मोजायची, हेही पाहिले पाहिजे. एकाच मोटारीची पेट्रोल आवृत्ती साडेदहा लाखांना आणि डिझेल आवृत्ती बारा लाखांना मिळते, असे धरू. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या खासगी मोटारीवर एकरकमी कर पेट्रोलसाठी १२ टक्के आणि डिझेलसाठी १४ टक्के आहे. त्यामुळे पेट्रोल मोटारीचा कर १ लाख २६ हजार आणि डिझेल मोटारीचा १ लाख ६८ हजार रुपये होतो. दीड लाखाचा फरक अशा रीतीने १ लाख ९२ हजारांवर जातो.

आता पेट्रोल १०४ रुपये व डिझेल ९१ रुपये लिटर धरले आणि मायलेज अनुक्रमे १६ व २० किलोमीटर मानले, तर पेट्रोलचा खर्च किलोमीटरला साडेसहा रुपये आणि डिझेलचा ४ रुपये ५५ पैसे येतो. बचत १ रुपया ९५ पैशांची. या बचतीतून १ लाख ९२ हजार भरून निघण्यास सुमारे ९८ हजार ५०० किलोमीटर धाव लागते. वर्षाला दहा हजार किलोमीटर मोटार चालविणाऱ्यास त्यासाठी जवळजवळ दहा वर्षे लागतील. पंचवीस हजार चालविणाऱ्यास चार वर्षे पुरतील. घेणाऱ्याने यात आपल्या पसंतीच्या मोटारीचे आणि त्या दिवशीच्या पंपावरील दराचे आकडे घालून पाहावेत. चार मीटरपर्यंतच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल मोटारींवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून सारखाच, १८ टक्के झाला आहे. डिझेलवरील एकरकमी कर मात्र जास्तच आहे.

मोटार बंद पडते कशाने?

इंधनाच्या वादात एक साधी गोष्ट नजरेआड होते. रस्त्यात बंद पडणाऱ्या बहुसंख्य मोटारींचे दुखणे इंजिनात नसते. जर्मनीतील एडीएसी हा मोटार क्लब दरवर्षी आपल्या मदतपथकांनी हाताळलेल्या बिघाडांची आकडेवारी प्रसिद्ध करतो. अलीकडच्या वर्षांत त्यातील चाळीस टक्क्यांहून अधिक बिघाड बॅटरीचे होते. तेथे थंडी बॅटरीची परीक्षा पाहते. सोलापूर जिल्ह्यात चाळीस अंशांपुढे जाणारा उन्हाळा तिचे आयुष्य घटवतो. डिझेल इंजिन सुरू करण्यास अधिक जोर लागत असल्याने अशक्त बॅटरी डिझेल मोटारीला आधी अडवते.

स्थानिक परिस्थितीही ध्यानात घ्यावी. ऊसवाहतुकीच्या रस्त्यांवरील धूळ एअर फिल्टर लवकर भरते. शेतातील घराजवळ उभ्या मोटारीच्या वायरी उंदीर कुरतडतात आणि ते डिझेल-पेट्रोल असा भेद करीत नाहीत. डिझेलच्या फिल्टरमध्ये साठणारे पाणी वेळोवेळी काढावे लागते. इंधनाविषयी शंका आल्यास पंपावर घनता मोजून मागण्याचा आणि पेट्रोलची फिल्टर पेपर चाचणी करून घेण्याचा अधिकार ग्राहकाला आहे. डिझेलच्या मोटारीत चुकून पेट्रोल भरले गेले, तर किल्ली फिरवू नये. टाकी रिकामी करून घ्यावी. त्या एका चुकीने उच्च दाबाचा पंप आणि इंजेक्टर खराब होतात.

जुनी मोटार घेणाऱ्यांसाठी

अकलूजच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाची ओळख असलेला 'एमएच ४५' क्रमांक सोडून अन्य जिल्ह्यांच्या आणि राज्यांच्या क्रमांकाच्या जुन्या मोटारीही येथे विक्रीला येतात. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल मोटारींवर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हापासून तेथील जुन्या डिझेल मोटारी स्वस्तात अन्य राज्यांत जाऊ लागल्या. महाराष्ट्रात तो नियम लागू नाही. तथापि खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि ती मोजली जाते प्रथम नोंदणीच्या दिवसापासून, हे विसरू नये.

जुनी डिझेल मोटार पाहताना इंजिन गार असतानाच सुरू करण्यास सांगावे. ऑइलची पातळी, धुराचा रंग, डॅशबोर्डवरील दिवे आणि सर्व्हिसिंगच्या नोंदी पाहाव्यात. २०२० नंतरच्या मोटारीत चाळणी जागेवर आहे ना, याची खात्री करावी. ती काढून टाकलेली मोटार प्रदूषणाचे नियम मोडते आणि पुढील मालकाच्या गळ्यात लोढणे बनते.

कोणी काय घ्यावे?

वर्षाकाठी धाव दहा-बारा हजार किलोमीटरच्या आत आणि तीही बहुतांशी गावातल्या गावात असेल, तर साधे पेट्रोल इंजिन निवडावे. शिक्षक, दुकानदार, निवृत्त दांपत्य यांना ते पुरेसे आहे. वर्षाला वीस हजारांहून अधिक आणि त्यातही महामार्गावरची धाव असेल, सहा-सात माणसे वा सामान न्यायचे असेल, तर डिझेल आजही आपली किंमत वसूल करून देते. कमी फेऱ्यांत मिळणारी ओढ, ही त्याची ताकद कायम आहे. या दोहोंच्या मध्ये येणाऱ्यांनी अंतरापेक्षा प्रवासाचा प्रकार पाहावा. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर मोटार पळणार असेल, तर डिझेलला हरकत नाही. अन्यथा पेट्रोल बरे. कंपनीने बसविलेल्या सीएनजीचा विचार करणाऱ्यांनी आपल्या नेहमीच्या वाटेवर पंप कुठे आहेत, हे आधी पाहून ठेवावे.

शोरूममध्ये जाण्यापूर्वी महिनाभर घरच्या सध्याच्या वाहनांची रोजची धाव एका वहीत लिहावी : किती किलोमीटर, कोणता रस्ता, किती वेळा सुरू-बंद. तीस दिवसांच्या त्या नोंदी पाहिल्या, की वडील आणि मुलगा यांच्यातील वाद बहुधा तेथेच मिटेल. त्यानंतर ज्या कंपनीचे सेवा केंद्र गावापासून जवळ आहे, तिच्या मोटारीला झुकते माप द्यावे आणि मगच चाचणीफेरीला निघावे.